आलमबागचे वस्ताद

आजचा भाग मी लखनौहून बोलतोय, आलमबागेतल्या आमच्या जुन्या घरातून. मागे टेम्पोचे भोंगे ऐकू येतील, त्याला इलाज नाही. माझे वडील भुसावळचे. रेल्वेच्या नोकरीने त्यांना इथल्या कारखान्यात आणलं आणि माझं सगळं लहानपण या मोहल्ल्यात गेलं. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की अवधी वळणाची हिंदी.

आलमबाग म्हटलं की इतिहासाच्या माणसाला १८५७ आठवतं. वाजिद अली शाहने आपल्या बेगमेसाठी, आलम आरासाठी, हा बाग आणि वाडा बांधवला. पुढे इंग्रजांनी तो घेतला. हॅवलॉक नोव्हेंबर १८५७ मध्ये दिलकुशाजवळ आमांशाने मेला, त्याला पुरलं ते इथे आलमबागेत. त्यानंतर मार्च १८५८ पर्यंत औट्रम सुमारे ४००० माणसं घेऊन इथे तळ ठोकून होता. यावर आपण स्वतंत्र भाग करू. हॅवलॉकचं नाव आज घेतलं ते एका वेगळ्याच कारणासाठी. तो जिथे मेला त्या दिलकुशाच्या शेजारी ला मार्टिनिअर शाळेची मोठी जमीन आहे आणि त्या जमिनीवर लखनौचं गोल्फचं मैदान आहे. ज्या माळावर तोफा चालल्या, तिथे आता सकाळी पांढऱ्या चेंडूमागे माणसं चालतात.

आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. ते गोल्फ शिकवायचे. कुठल्या मैदानावर, ते सांगत नाही आणि त्यांचं नावही घेत नाही, कारण घरच्यांना ते आवडणार नाही. पहाटे सायकलला स्टिकांची पिशवी बांधून निघायचे, दुपारी परत. रेल्वेच्या वस्तीत हा माणूस म्हणजे एक कोडंच होतं. आमच्याकडे क्रिकेट होतं, हॉकी होती, पतंग तर होतेच. गोल्फ हा साहेबांचा खेळ आणि तो शिकवणारा माणूस आमच्यासारखाच हापशावर रांगेत उभा! उस्तादांनी सुरुवात कॅडी म्हणून केली होती. मग ते व्यावसायिक खेळाडू झाले, दहा-बारा वर्षं देशभरच्या स्पर्धा खेळले आणि नंतर शिकवू लागले.

सतरा वर्षांचा असताना मी त्यांना एकदा विचारलं, "उस्ताद, जिंकता आलं नाही म्हणून शिकवायला लागलात का?" त्या वयात आपण असं काही विचारतो आणि वर त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणतो. ते एका स्टिकच्या मुठीला पट्टी गुंडाळत होते. त्यांनी पट्टी पूर्ण गुंडाळली, दाताने तोडली आणि आत निघून गेले. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पुढची तीस वर्षं लागली. आजचा भाग त्या उत्तराचा आहे.

कोल्हापुरात कोणी वस्तादाला असं विचारील का? "वस्ताद, तुम्हाला हिंदकेसरी मिळाली नाही, म्हणून तालमीत बसलात का?" विचारणाऱ्याला लाल मातीत उताणा पाडतील. आपल्याकडे पैलवान होणं आणि वस्ताद होणं ही एकाच वाटेवरची दोन गावं. मग इतर खेळांत कोच म्हटला की उरलासुरला खेळाडू, हे डोक्यात कुठून आलं?

गोल्फचा इतिहास पाहिला तर गंमत दिसते. स्कॉटलंडमध्ये व्यावसायिक गोल्फर म्हणजे मुळात चाकरी करणारा माणूस. तो मैदान राखायचा, स्टिका आणि चेंडू बनवायचा, सरदार-सावकारांना शिकवायचा. ओल्ड टॉम मॉरिस हे या पेशातलं सगळ्यात मोठं नाव. १८६० मध्ये पहिली ओपन स्पर्धा झाली तेव्हा खेळाडू होते ८ आणि रोख बक्षीस शून्य. जिंकणाऱ्याला मिळायचा एक पट्टा, तोही पुढच्या वर्षी परत करायचा. ओल्ड टॉमने ही स्पर्धा ४ वेळा जिंकली. १८६४ मध्ये जिंकल्यावर त्याच्या हाती ६ पौंड पडले. त्यावर घर चालत नाही. घर चालायचं ते मैदान राखून, स्टिका विकून, शिकवून. म्हणजे शिकवणं हा मूळ धंदा आणि स्पर्धा हा त्यातला सणासुदीचा दिवस. टेलिव्हिजन आला, बक्षिसं वाढली आणि हा क्रम उलटा झाला.

चाकरी म्हटली की मागचं दार आलंच. १९०१ मध्ये इंग्लंडमधल्या व्यावसायिकांनी आपली संघटना काढली, तरी क्लबच्या इमारतीत त्यांना प्रवेश नव्हता. १९२० मध्ये अमेरिकेचा वॉल्टर हेगन इंग्लंडला ओपन खेळायला गेला. कपडे बदलायला आत सोडेनात, तेव्हा त्याने भाड्याची आलिशान मोटार क्लबच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यात कपडे बदलले! त्याच वर्षी अमेरिकेत इन्व्हर्नेस क्लबने खेळाडूंना पहिल्यांदा मानाने आत घेतलं. खेळाडूंनी वर्गणी काढून त्या क्लबला एक उंच लंबकाचं घड्याळ भेट दिलं. मला यातलं घड्याळ जास्त आवडतं. मोटारीची गोष्ट सगळे सांगतात.

आता आपल्याकडे या. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. साहेब जिथे गेला तिथे त्याने मैदान आखलं. पुण्यात येरवड्याला आहे, मुंबईत चेंबूरला आहे. नाशिकचे लोक तर ज्या अनंत कान्हेरे मैदानावर रोज फिरायला जातात, त्याला आजही गोल्फ क्लबच म्हणतात. तिथे आता गोल्फचा चेंडू कोणी पाहिलेला नसतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मैदान आलं की बॅग उचलायला पोरं लागतात. ती आजूबाजूच्या वस्तीतून यायची. बॅग उचलता उचलता पोरगा बघतो. वारा कुठला, उतार कुठे, साहेबाचा खांदा कधी उघडतो. वर्षभरात त्याला साहेबापेक्षा जास्त कळू लागतं आणि मग साहेबच विचारतो, "कौनसी दूँ?" स्टिक कोणती घ्यावी हे सांगणारा मुलगा म्हणजे बिनपगारी कोच.

पुण्यात हे क्रिकेटमध्ये घडलेलं आपल्याला माहीत आहे. पळवणकर बाळू. पूना क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, जाळी लावायची. मग ग्रेगसाहेबाला सरावासाठी गोलंदाजी. ग्रेग त्या काळचा हिंदुस्थानातला बडा फलंदाज, त्याचा हात बाळूच्या फिरकीवर तयार झाला. आणि बाळूच्या हाती सरावात बॅट कधी दिली गेली नाही असं सांगतात. हाच बाळू १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला आणि त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. ग्रेगचा कोच कोण होता, असं कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

गोल्फमधल्या बाळूला मात्र फार वाट पाहावी लागली. इंडियन ओपन सुरू झाली १९६४ मध्ये, दिल्लीत. ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनने त्यासाठी पुढाकार घेतला आणि पहिलं विजेतेपदही त्यानेच नेलं. पुढच्याच वर्षी बिल्लू सेठी जिंकले, पण ते हौशी खेळाडू, क्लबचे सभासद. त्यानंतर पाव शतक उलटलं तरी भारतीय नाव फलकावर नाही. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये लक्ष्मण सिंग यांनी वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, संघालाही सुवर्ण मिळालं. तेही हौशी. कोणाचाही मान कमी करायचा नाही, पण बॅग उचलणारे अजून बॅगच उचलत होते. मग १९९१ मध्ये, दिल्ली गोल्फ क्लबातच कॅडी म्हणून वाढलेला अली शेर इंडियन ओपन जिंकला. ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. नशीब म्हणणाऱ्यांना त्याने १९९३ मध्ये ती पुन्हा जिंकून दाखवली. २००२ मध्ये आमच्या लखनौचे विजय कुमार जिंकले. कलकत्त्याच्या मैदानावर गवत राखणाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया २०१६ आणि २०१७ असा लागोपाठ दोनदा जिंकला. आणि बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या महूचे मुकेश कुमार २०१६ मध्ये आशियाई टूरवरची पहिली स्पर्धा जिंकले, वयाच्या ५१ व्या वर्षी.

अली शेरच्या पहिल्या विजयाची बातमी आली त्या दिवशी उस्तादांनी गल्लीत जिलबी वाटली होती. आम्हाला वाटलं, घरात लग्न ठरलं.

ही झाली जिंकलेल्यांची नावं. उस्तादांसारख्यांचं काय झालं ते समजायला "कट" समजला पाहिजे. स्पर्धा चार दिवसांची. दोन दिवस झाले की रेषा ओढतात. रेषेच्या वर असणारे पुढचे दोन दिवस खेळतात, त्यांच्यात बक्षिसाची वाटणी होते. खाली राहिले ते घरी, आणि हाती एक रुपया नाही. रेल्वेचं भाडं, खोली, प्रवेश फी, कॅडीचे पैसे, सगळं खिशातून. व्यावसायिक गोल्फर हा नोकरदार नसतो मंडळी, तो आपल्या पावसावरच्या शेतकऱ्यासारखा. उस्ताद एकदा माझ्या वडिलांना सांगत होते की, एका शहरात एका फटक्याने कट चुकला. परतीच्या तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून ज्या क्लबात स्पर्धा होती तिथेच दोन दिवस त्यांनी दुसऱ्या खेळाडूची बॅग उचलली. परवा खेळाडू, आज कॅडी. आणि त्या दोन दिवसांत त्यांना मागच्या फाटकातून यायला सांगितलं गेलं. वडील हे ऐकून गप्प बसले. मग आईला म्हणाले, यांना जेवायलाच थांबवू.

अमेरिकेत हार्वी पेनिक नावाचा एक शिक्षक होऊन गेला. आठव्या वर्षी ऑस्टिनच्या क्लबात कॅडी, १९२३ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याच क्लबाचा मुख्य व्यावसायिक. स्पर्धाही खेळायचा. एका स्पर्धेत त्याने तरुण सॅम स्नीडचा फटका ऐकला. हो, ऐकला. तो आवाज कानावर पडला आणि त्याने ठरवलं की आपलं काम शिकवणं. विद्यार्थ्यांबद्दलच्या नोंदी तो एका लाल वहीत लिहीत राहिला. १९९२ मध्ये त्या वहीचं पुस्तक झालं आणि खेळाच्या पुस्तकांत ते अफाट खपलं. २ एप्रिल १९९५ ला पेनिक वारला. त्याचा विद्यार्थी बेन क्रेन्शॉ मास्टर्स स्पर्धेची तयारी सोडून अंत्यविधीला गेला, खांदा दिला, परत आला आणि त्याच रविवारी मास्टर्स जिंकला. मी हे वाचलं तेव्हा मला जिलबी आठवली.

उस्तादांची शिकवण मी थोडीशी पाहिलेली आहे. चेंडू कुठे गेला याकडे ते बघायचेच नाहीत. मारून झालं की जमिनीचा तुकडा उडतो ना, त्या खड्ड्याजवळ उकिडवे बसायचे. खड्डा डावीकडे तिरका असेल तर स्टिक बाहेरून आत येतेय. खोल असेल तर हात घाईत आहेत. खड्डा चेंडूच्या आधीच सुरू झाला असेल तर वजन मागच्या पायावरच राहिलंय. बड्या माणसाला "तुमचं चुकलं" असं ते कधी म्हणत नसत. म्हणायचे, "ज़मीन कुछ और कह रही है, साहब." हे कुठल्या अभ्यासक्रमात मिळालं असेल? बॅग खांद्यावर घेऊन हजारो खड्डे बुजवल्यावर मिळालं. खड्डा बुजवणं हे कॅडीचंच काम.

आता दिवस बदललेत. २००६ पासून व्यावसायिकांची स्वतःची टूर आहे, प्रशिक्षकांसाठी रीतसर परीक्षा आणि प्रमाणपत्रं आहेत. २०२३ च्या पुरस्कारांत चंडीगडचे जसकिरतसिंग ग्रेवाल यांना गोल्फसाठी द्रोणाचार्य मिळाला. शुभंकर शर्मा त्यांचा शिष्य. नोनिता लाल कुरेशी यांनी खेळाडू म्हणून १९८७ चा अर्जुन पुरस्कार मिळवला होता, नंतर त्या शिकवू लागल्या. हरियाणातल्या एका खेड्यातल्या दूधवाल्याचा मुलगा शुभम जगलान त्यांच्या हाताखाली तयार झाला आणि २०१५ मध्ये, दहा वर्षांचा असताना, अमेरिकेत जाऊन ज्युनिअर विश्वविजेतेपद घेऊन आला. पण प्रमाणपत्रामुळे एक अडचणही झाली आहे, ती बोलतो. परीक्षेला फी लागते, इंग्रजी लागतं. खड्डा वाचता येणारा, पण फॉर्म वाचता न येणारा माणूस पुन्हा फाटकाबाहेर राहू शकतो. तो राहू नये यासाठी काय करता येईल हे त्या क्षेत्रातल्या लोकांनी बघावं, मी इतिहासवाला आहे.

बऱ्याच क्लबांत सोमवारी मैदान बंद असतं आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. उस्ताद आठवड्याचे सहा दिवस साहेबांकडून फी घ्यायचे आणि सोमवारी पोरांना फुकट शिकवायचे. एका पोराला स्टिक नव्हती. स्पेनचा सेव्ह बॅलेस्टेरोस समुद्रकिनाऱ्यावर एकाच जुन्या स्टिकवर शिकला, ते उस्तादांना कोणाकडून तरी कळलं होतं आणि ते सगळ्यांना ऐकवायचे. मग माझ्या वडिलांनी भंगारवाल्याकडून एक पाइप आणला, कारखान्यातल्या ओळखीच्या वेल्डरने घरी बसून त्याला एक मोडकं टोक जोडलं आणि मूठ उस्तादांनी स्वतः गुंडाळली. मी तो आगाऊ प्रश्न विचारला त्या संध्याकाळी त्यांच्या हातात तीच स्टिक होती.

तो पोरगा आता पन्नाशीचा आहे आणि दुसऱ्या एका शहरात गोल्फ शिकवतो. मागच्या दिवाळीला घरी आला होता, ती स्टिक आमच्याकडे ठेवून गेला. ही बघा, इथे कोपऱ्यात आहे. पुस्तकात दिसणार नाही, व्हिडिओत दिसते आहे. मूठ अजून घट्ट आहे. उन्हाळ्यात आमची नातवंडं तिने शेजारच्यांचे आंबे पाडतात आणि शेजारी माझ्याकडे तक्रार घेऊन येतात.

पुढच्या भागात हॅवलॉकची कबर. तोवर नमस्कार.