दम, लोण आणि सर्क्युलर

कबड्डीचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक महाभारतापासून सुरुवात करतात. चक्रव्यूहात शिरलेला अभिमन्यू हा पहिला चढाईवीर, असे एकदा लिहिले की पुढची दोन पाने सुखाने भरतात. मी पडलो बी.कॉम. आणि बँकेतला कारकून. व्हाऊचर नसेल तर नोंद धरायची नाही, हे आमचे शास्त्र. अभिमन्यूची पकड नियमात बसत होती का, हा वाद तेव्हाही झाला असणार. पण त्या सामन्याला सरपंच कोण होते, याची नोंद नाही. (सरपंच म्हणजे ग्रामपंचायतीचे नव्हेत. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. शिव्या मात्र दोघांना सारख्याच.)

पक्की व्हाऊचरे सापडतात ती विसाव्या शतकातली. १९१८ च्या सुमारास सातारकरांनी या खेळाला थोडी शिस्त लावली आणि १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा घेतली. तोवर काय होते? तोवर प्रत्येक गावाचा नियम वेगळा होता आणि तो पाहुणा संघ हरल्यावर त्याला सांगण्यात येई. नावाचाही पत्ता एक नव्हता. आपल्याकडे हुतुतू, बंगालात हाडूडू, आणि नांदेडहून गोदावरीच्या धारेबरोबर खाली तेलुगू मुलखात उतरलात की चेडुगुडू.

खेळाच्या तऱ्हाही तीन. ‘अमर’मध्ये गडी बाद झाला तरी मैदानातच राही, फक्त समोरच्याला गुण मिळे. ‘जेमिनी’मध्ये बाद झालेला तो बाहेर बसला, सगळा संघ बाद होईपर्यंत उठायचे नाव नाही. ‘संजीवनी’मध्ये समोरचा एक गडी मारला की आपला एक मेलेला जिवंत. आमच्या भाषेत, निष्क्रिय खाते पुन्हा चालू! शेवटी हीच पद्धत टिकली. मेलेल्याला परत यायची सोय ठेवणारा नियम आपल्या लोकांना आवडला, यात मला तरी नवल वाटत नाही.

पुढचा हिशेब भराभर सांगतो. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ करून दाखवला. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत त्याला जागा मिळाली. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला. बुवा साळवींसारख्यांनी आयुष्य घालून खेळ देशभर नेला, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून कबड्डी उतरली. सुवर्णपदक अर्थातच आपले.

आता कुणालाही वाटेल, नियम छापले, भांडण मिटले. छे! आधी भांडायला नुसता आवाज लागे, आता कलम लागू लागले. बोनस घेताना मागचा पाय हवेत होता की जमिनीला टेकला होता? ‘कबड्डी’ शब्द समोरच्या अंगणात पाय टाकण्याआधी सुरू झाला की नंतर? गड्याला हात लागला नाही, नुसता सदरा लागला, तर? (लागतो. कपडासुद्धा अंगच धरतात.) नोकरीत माझी नांदेड-लातूर, लातूर-नांदेड अशी ये-जा झाली. दोन्हीकडे पाहिले, दुपारच्या डब्याला पोळी गार होते, पण मागचा पाय काही खाली येत नाही.

या सगळ्या वादांचा मुकुटमणी ठरला ७ ऑक्टोबर २०२३ चा. हांगझोऊची आशियाई स्पर्धा, अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. २०१८ साली जकार्तात याच इराणने आपल्याला उपांत्य फेरीत हरवले होते, तेव्हा ती जखम ओली. गुण २८-२८, घड्याळात जेमतेम एक मिनिट, आणि पवन सेहरावतची ‘करो या मरो’ चढाई. पवन कुणालाही न शिवता कडेच्या राखीव क्षेत्रात गेला. ती मीटरभराची पट्टी झटापट झाल्याशिवाय मैदानात धरत नाहीत, म्हणजे पवन बाद. पण त्याच्यामागोमाग इराणचे गडीही त्याच पट्टीत शिरले!

जुना नियम म्हणे, मागे गेले तेही बाद. नवा नियम म्हणे, चढाई तिथेच संपली, बाद एकटा पवन. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. खेळाडू मॅटवर बसले. सामना तासभर ठप्प. शेवटी कौल आपल्याकडे लागला आणि आपण ३३-२९ ने जिंकलो.

आमच्या शाखेत दुसऱ्या सुट्टीपर्यंत दोन तट पडले. हेडकॅशियर म्हणाले, ‘‘व्यवहाराच्या तारखेला जे सर्क्युलर लागू, तेच खरं. तिथं जुनं लागू होतं, विषय संपला.’’ शिपाईमामा स्वतः एके काळचे डावे कोपरारक्षक. ते म्हणाले, ‘‘साहेब, लीगमधी वर्षभर नवा नियम खेळायचा अन् पदकाच्या दिवशी जुना काढायचा? गावात पाव्हण्याला असंच हरवायचे की.’’

हेडकॅशियर गप्प झाले. पदक आपले होते, नियमही बहुधा आपलाच होता, पण मामांचे बोलणे खोडता येईना. आपला खेळ जगाने खेळावा म्हणून आपण शंभर वर्षे खटपट केली, आणि जग आले ते नियमांचे पुस्तक घेऊन आले. मला विचाराल तर, इराणी गडी त्या दिवशी कलमावर बोट ठेवून तासभर भांडले, तेव्हाच कबड्डी खऱ्या अर्थाने परदेशात पोचली. नुसती पकड काय, कुणीही शिकतो. भांडण शिकायला खेळ आपला वाटावा लागतो.

तेव्हा आता दोन पुस्तकांचे एक पुस्तक लवकर व्हावे. म्हणजे पुढच्या वेळी दोन्हीकडचे लोक एकाच कलमावरून भांडतील, आणि डबा वेळेवर संपेल.