राजाचं रान आणि शनिवारचा प्लॅन

सायकल चालवायला इतिहास कशाला लागतो, असा प्रश्न कोणाला पडला तर तो अगदी रास्त आहे. टायरमध्ये हवा भरा आणि सुटा! पण गेले चार दिवस मी वेल्समधल्या एका जंगलात दिवसभर माउंटन बाइक चालवायचा प्लॅन करतोय, आणि त्या प्लॅनमधल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कोणाचा तरी जुना निर्णय उभा आहे असं लक्षात आलं. कुठला १९१९ चा, कुठला १९६८ चा, तर एक अगदी २०२५ चा. म्हणून हा वीकेंडचा उद्योग.

तर जागेचं नाव कोईड अ ब्रेनिन. (वेल्श उच्चारांत चूकभूल द्यावी घ्यावी.) वेल्सच्या वायव्य भागात, डॉल्गेथ्लाय नावाच्या दगडी घरांच्या गावाच्या थोडं उत्तरेला, एरिरी म्हणजेच स्नोडोनियाच्या नॅशनल पार्कात हे जंगल आहे. ब्रिटनमधलं पहिलं ट्रेल सेंटर म्हणून ते ओळखलं जातं. ट्रेल सेंटर म्हणजे काय? एकाच पार्किंगपासून निघणाऱ्या, खास माउंटन बाइकसाठी बांधलेल्या, खुणांचे खांब लावलेल्या आणि फिरून पुन्हा त्याच पार्किंगला आणून सोडणाऱ्या वाटा. आज यात काही विशेष वाटत नाही. पण ही कल्पना कोणाला तरी सुचावी लागली, आणि त्याआधी जंगल असावं लागलं.

कारण हे जंगल मुळात फिरायला लावलेलं नाहीच. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकूड कमी पडलं. खंदकांना लाकूड हवं, कोळशाच्या खाणींत छत तोलायला लाकडाचे टेकू हवेत, आणि बाहेरून लाकूड आणणारी जहाजं जर्मन पाणबुड्यांच्या तावडीत. त्या वेळी देशाच्या जेमतेम ५ टक्के जमिनीवर झाडी उरली होती. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये सरकारने फॉरेस्ट्री कमिशन स्थापन केलं. काम एकच, पुढच्या युद्धासाठी लाकूड पिकवा! १९२२ पासून कमिशनने इथली व्हॉन घराण्याची जमीन ताब्यात घ्यायला सुरुवात केली. १९३५ मध्ये पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा जंगलाचं नाव बदलून कोईड अ ब्रेनिन केलं. कोईड म्हणजे झाडी, ब्रेनिन म्हणजे राजा. थोडक्यात, राजाचं रान. झाडं मात्र फारशी राजेशाही नाहीत. सिट्का स्प्रूस, डग्लस फर अशी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेली, भराभर वाढणारी आणि सरळसोट.

लाकूड बाहेर काढायचं तर रस्ते हवेत. म्हणून डोंगरभर खडीचे कच्चे रस्ते झाले, लाकडाने भरलेला ट्रक चढू-उतरू शकेल अशा बेताच्या चढाचे. माझ्या प्लॅनमधली पहिली ओळ इथून येते. चढ बऱ्याच ठिकाणी या रुंद रस्त्यांवरून करायचा आणि उतार झाडीतल्या अरुंद वाटेवरून. त्यामुळे चढताना गप्पा मारता येतात. दम असेल तर!

आता सायकल. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या पलीकडे मरीन काउंटीत काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन सुसाट खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे पहिली रिपॅक शर्यत झाली. हे नाव मोठं मजेशीर. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर ते नव्याने भरावं लागायचं, म्हणून रिपॅक. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डने स्टंपजंपर बाजारात आणली आणि हे वेड कारखान्यातून विकत मिळू लागलं.

वेड ब्रिटनला पोचलं तेव्हा अडचण अशी की जायचं कुठे? इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ च्या कंट्रीसाइड अॅक्टने सायकलवाल्यांना ब्राइडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांच्या हक्काच्या वाटांवर, जायची परवानगी दिली होती. अट ही की पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. नुसत्या पायवाटांवर तर सायकलला हक्कच नाही. कायदा झाला तेव्हा डोळ्यांसमोर डोंगरावरून सुटलेली सायकल नव्हती, हे उघड आहे. म्हणजे आधी नकाशा घ्या, कुठली वाट कायद्यात बसते ते शोधा, वाटेत घोडा आला तर थांबा, आणि पाऊस झाला असेल तर चिखलात सायकल खांद्यावर घ्या. आणि वेल्समध्ये पाऊस कधी झालेला नसतो? आपल्या लोणावळ्यासारखा चार महिने कोसळून मोकळा होणारा पाऊस नव्हे हा. बारा महिने हप्त्याहप्त्याने येतो.

इथे दाविद डेव्हिस येतो. हा फॉरेस्ट्री कमिशनचा माणूस. १९९० च्या दशकात त्याने कोईड अ ब्रेनिनमध्ये सायकलसाठी म्हणून वेगळ्या वाटा बांधायला घेतल्या. सायकलवाल्यांना हाकलायचं नाही आणि पायी चालणाऱ्यांच्या अंगावरही घालायचं नाही. त्यांना त्यांची वाट बांधून द्यायची, आणि ती इतकी चांगली की ते आपणहून तिथेच येतील. एका ट्रेलला रेड बुल कंपनीचं प्रायोजकत्व मिळालं आणि तो त्याच नावाने गाजला. त्या वाटेचं आजचं नाव 'टारू'. वेल्श भाषेत याचा अर्थ बैल. प्रायोजक गेला, बैल राहिला!

पण मला यातलं सगळ्यात आवडलेलं इंजिनिअरिंग म्हणजे दगड. मातीच्या वाटेचे दोन शत्रू, पाणी आणि चाक. चाकाने चर पडतो, चरातून पाणी वाहतं, पाण्याने चर खोल होतो. पावसाळ्यानंतर सिंहगडाची वाट पाहिलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. यावर उपाय म्हणजे दगड उभे, एकमेकांना घट्ट चिकटवून जमिनीत ठोकायचे, वाटेला दरीच्या बाजूला किंचित उतार द्यायचा आणि थोड्याथोड्या अंतरावर लहानसा खोलगट भाग ठेवायचा म्हणजे पाणी वेग घ्यायच्या आत बाहेर पडतं. कोईड अ ब्रेनिनच्या वाटा खडबडीत म्हणून प्रसिद्ध आहेत, त्या त्यामुळेच. हाडं खिळखिळी होतात, पण वाट जानेवारीतही चालू असते. डेव्हिसला पुढे या कामासाठी एमबीई हा किताब मिळाला. दगड रचल्याबद्दल राणीकडून सन्मान, क्या बात है!

या दगडांचा खरा परिणाम माझ्या मते वेगळाच झाला. ज्याने हे जंगल कधी पाहिलेलं नाही, असा माणूस घरबसल्या आपला दिवस आखू शकायला लागला. वाट कुठे जाते, किती लांब आहे, पावसात चालेल का, कोणाच्या हक्काची आहे, हे चारही प्रश्न कोणीतरी आधीच सोडवून ठेवले. बर्फावरच्या स्कीइंगसारखी रंगांची पद्धत आली. हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, लाल, आणि काळा म्हणजे ज्याचा त्याने विचार करावा. हाच नमुना पुढे स्कॉटलंडने उचलला. तिथल्या दक्षिण भागात २००० च्या दशकात 'सेव्हन स्टेन्स' नावाने ट्रेल सेंटरांची साखळीच उभी राहिली. स्टेन म्हणजे दगडच, योगायोग बघा.

आता माझा प्लॅन. बर्मिंगहॅमहून अडीच-तीन तास ड्राइव्ह, म्हणून सकाळी साडेसहाला निघायचं. बरोबर रूममेट आहे, ज्याने सायकल फक्त शहरात चालवली आहे. त्यामुळे सकाळी 'मायनरटॉर' हा निळा ट्रेल. हा लहान लहान फेऱ्यांचा आहे, कंटाळा आला तर मध्येच परतता येतं, आणि दिव्यांग लोकांच्या तीन-चार चाकी सायकलीही तिथे जाऊ शकतात. जेवणानंतर 'टेम्टिउर', सुमारे ९ किमीचा लाल. जंगलातला सरासरी वेग मी ताशी ८ ते १० किमी धरला आहे, थांबे वेगळे. या हिशेबाने २० किमीच्या टारूला दोन-अडीच तास, ३१ किमीच्या 'ड्रॅगन्स बॅक'ला साडेतीन-चार आणि ३८ किमीच्या 'बीस्ट ऑफ ब्रेनिन'ला अख्खा दिवस. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि स्प्रूसच्या दाट झाडीत अंधार त्याच्याही आधी होतो. म्हणून दुपारी तीननंतर नवी फेरी सुरू करायची नाही, हा नियम. टारू पुढच्या खेपेला. दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं धरायचं नाही, म्हणून एकट्याने जायचं नाही आणि शेवटच्या खुणेच्या खांबाकडे लक्ष ठेवायचं. पडलोच तर कुठे पडलो ते सांगता आलं पाहिजे! दोन ट्यूब, पंप, चेनची जोडकडी, रेनकोट.

आणि डबा. हा डबा प्लॅनमध्ये आहे तो २०२५ मुळे. २०१३ मध्ये वेल्समधलं फॉरेस्ट्री कमिशनचं काम 'नॅचरल रिसोर्सेस वेल्स' या नव्या सरकारी संस्थेकडे गेलं. पैशांची ओढाताण सुरू झाल्यावर या संस्थेने आपल्या व्हिजिटर सेंटरमधले कॅफे आणि दुकानं ३१ मार्च २०२५ ला बंद केली. त्यात कोईड अ ब्रेनिनही होतं. ट्रेल, पार्किंग आणि टॉयलेट चालू ठेवायचं ठरलं. विरोधात हजारो लोकांनी सह्या केल्या, स्थानिक मंडळींनी सेंटर आपल्याकडे चालवायला द्या म्हणून खटपट केली.

हिशेबाच्या वहीत बघितलं तर कॅफे म्हणजे चहा आणि केक. मग लोक एवढे का चिडले? सपोर्टच्या प्रोजेक्टवर काम केलेल्या माणसाला हे पटकन कळावं. सिस्टिम चालू असते तोवर ती आपोआप चालते असंच सगळ्यांना वाटतं. काउंटरमागच्या माणसाला "पहिल्यांदाच आलोय, कुठला ट्रेल घेऊ?" असं विचारता यायचं. झाड आडवं पडलंय, अमुक वळणाला दगड सुटलाय, ही बातमी पहिल्यांदा तिथेच पोचायची. नवख्याचा दिवस आखून देण्यात दगडांइतकाच त्या माणसाचाही वाटा होता. दगड राहिले आहेत, पण त्यांच्यामधला पाण्याचा मार्ग पानांनी तुंबला की तो मोकळा करायला कोणीतरी कुदळ घेऊन जावंच लागतं. नाही गेलं तर वाट एका दिवसात मोडत नाही. दोन-चार हिवाळ्यांत हळूहळू पुन्हा चर होते, आणि मग लोक कडेकडेने नव्या वाटा पाडायला लागतात.

युद्धासाठी लावलेलं जंगल खेळायला मिळालं, हा सौदा मला फार सुंदर वाटतो. फक्त तो एकदाच करून भागत नाही, दर वर्षी नव्याने करावा लागतो. इथे ट्रेलला तिकीट नाही, पार्किंगला आहे. रूममेटचं म्हणणं होतं की गाडी लांब रस्त्याकडेला लावू, पैसे वाचतील. त्याला म्हटलं, बाबा रे, पोळीचे रोल माझ्याकडून, पेट्रोल माझ्याकडून, पण पार्किंगचे पैसे अर्धे तू द्यायचेस. अहवाल नंतर, चिखलाच्या फोटोंसकट.