दोघांची करवत एकाच्या हाती: जुन्या चेनसॉचा इतिहास आणि दुरुस्ती

दातेरी साखळी फिरवून कापण्याची युक्ती लाकूडतोड्यांच्या आधी शल्यचिकित्सकांना सुचली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री यांनी हाड कापण्यासाठी बारीक दात्यांची साखळी वापरली. तिची दोन टोके दोन्ही हातांत धरून ती पुढेमागे ओढायची असे. १८३०च्या सुमारास जर्मनीतील वुर्झबर्गच्या बर्नहार्ड हाइने यांनी अशी साखळी एका पट्टीभोवती बसवली आणि ती फिरवायला दांडा लावला. चेनसॉची मूळ रचना इथेच तयार झाली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील रेडवुडचे अजस्र वृक्ष कापण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्स यांनी १९०५ मध्ये साखळी-करवतीचे पेटंट घेतले. पण जंगलात उचलून नेता येईल असे इंजिन तेव्हा नव्हते. पुढची पन्नास वर्षे या यंत्राची सारी धडपड वजन कमी करण्यासाठीच होती.

ही धडपड सुरू झाली जर्मनीत. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. तिचे वजन ६४ किलो होते. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंगिया प्रांतातील डोलमार डोंगरावर पेट्रोलच्या करवतीची चाचणी घेतली आणि त्या डोंगराचेच नाव आपल्या कंपनीला दिले. ती करवत ५८ किलोंची आणि आठ अश्वशक्तीची होती. १९२९ मध्ये श्टीलने पेट्रोलवर चालणारे यंत्र आणले तेव्हा वजन ४६ किलोंवर आले होते.

ही सगळी यंत्रे दोघांनी मिळून चालवायची. एकाने इंजिनाकडची मूठ धरायची, तर दुसऱ्याने बारच्या, म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते त्या लांब पोलादी पट्टीच्या, पार दुसऱ्या टोकाची. खरी अडचण कार्बोरेटरची होती. त्यातली पेट्रोलची पातळी तरंगणाऱ्या फ्लोटने राखली जात असल्याने इंजिन सरळ उभे ठेवावेच लागे. उभे झाड पाडताना बार आडवा हवा आणि पडलेला ओंडका कापताना उभा. म्हणून इंजिन तसेच ठेवून फक्त बार वळवण्याची सोय करावी लागली. अशा यंत्राच्या सांध्यावरची खिट्टी आणि तिच्या खाचा पाहिल्या, तर त्या काळच्या कारागिराने ही अडचण किती बारकाईने सोडवली होती ते कळते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन यंत्रांचा पुरवठा तुटला. कॅनडा आणि अमेरिकेतल्या कारखान्यांना आपली आपण यंत्रे घडवणे भाग पडले. युद्धकाळात विमाने आणि वाहनांसाठी हलक्या धातूच्या ओतकामात मोठी प्रगती झाली होती आणि युद्ध संपल्यावर तिचा फायदा करवतीला मिळाला. लॉस एंजेलिसच्या मॅककुलक कंपनीने १९४९ मध्ये ‘३-२५’ हे मॉडेल बाजारात आणले. त्याचे वजन २५ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो होते. श्टीलची एका माणसाने चालवायची ‘बीएल’ १९५० मध्ये आली, ती १६ किलोंची.  गो-कार्टच्या शर्यतींत गाजलेली मॅककुलकची इंजिने मूळची करवतीचीच.

इंजिन हलके झाले तरी साखळी मागासलेलीच होती. जुन्या साखळीतले काही दात लाकडावर चरे पाडत आणि त्यांच्या मागचे दात मधला भाग खरवडून काढत. प्रत्येक दाताची उंची आणि कल वेगळा असल्यामुळे चपट्या कानशीने धार लावण्यातच कामाचा बराच वेळ जाई. यावर तोडगा काढला तो ऑरेगनमधील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने. १९४६ मध्ये एका बुंध्यात त्यांना लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची बोटाएवढी अळी दिसली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी डावी-उजवीकडे कापत, लाकडाच्या रेषांना आडवी किंवा रेषांच्या दिशेने, हवी तशी पुढे सरकत होती. त्यावरून कॉक्स यांनी डावे-उजवे आकडेदार दात असलेली साखळी बनवली आणि १९४७ पासून पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात तिचे उत्पादन सुरू केले. हे दात रंध्याप्रमाणे लाकडाची ढलपी काढतात आणि त्यांना धार लावायला एक गोल कानस पुरते. आजची साखळीही याच तत्त्वावर चालते. या यंत्राच्या इतिहासात इतका मोठा बदल दुसऱ्या कुठल्याही शोधाने घडवला नाही.

फ्लोटची जागा लवचिक पडद्याच्या कार्बोरेटरने घेतल्यावर यंत्र कसेही तिरके, अगदी उलटे धरले तरी चालू लागले. वळणाऱ्या बारची गरज संपली. नवी साखळी जास्त वेग सोसत असल्याने इंजिन आणि साखळी यांमधला गिअरही काढता आला. १९५९ ची श्टील ‘काँट्रा’ अशीच बिनगिअरची, सहा अश्वशक्तीची आणि १२ किलोंची होती.

यानंतरचे बदल प्रामुख्याने चालवणाऱ्याच्या जिवासाठी झाले. सततच्या हादऱ्यांनी बोटांतला रक्तपुरवठा बिघडे आणि ती पांढरी पडत. म्हणून साठीच्या दशकात मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर आले. बारचे टोक अडकून यंत्र उसळले की साखळी तोंडावर येते. त्यावर हुस्कवार्ना कंपनीने १९७३ मध्ये आपोआप लागणारा ब्रेक दिला. संग्राहकांचा जीव असतो तो बहुधा याआधीच्या यंत्रांवर.

जुनी चेनसॉ सुरू करताना दुरुस्ती करणारा आधी ठिणगी पाहतो. प्लग काढून त्याचा धातूचा भाग सिलिंडरला टेकवायचा आणि दोर ओढायचा. ठिणगी पडली नाही तर फ्लायव्हील उतरवून पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, उघडायचे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पॉइंटवर करड्या गंजाचा पातळ थर चढलेला असतो. तो इतका पातळ असतो की सहज नजरेत येत नाही, पण वीज अडवायला पुरेसा असतो. बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, कोऱ्या कागदाने पुसायचे आणि फट सुमारे ०.४ मिलिमीटरवर आणायची. पुष्कळदा मेलेले म्हणून टाकून दिलेले यंत्र एवढ्यावरच जागे होते. तरीही ठिणगी नसेल, तर कंडेन्सर किंवा कॉइल बघावी लागते.

नंतर कार्बोरेटर. सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर आतल्या बारीक वाटा बुजवतो आणि पडदा कडक होऊन चुरगळतो. आज अनेक देशांत पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. त्याने जुने रबर आणि नळ्या फुगतात, मऊ पडतात. म्हणून इथेनॉल नसलेले पेट्रोल मिळाले तर तेच घालावे. जुन्या यंत्रांवर १६ भाग पेट्रोलला एक भाग ऑइल असे प्रमाण लिहिलेले आढळते. आजचे टू-स्ट्रोक ऑइल बरेच सुधारलेले असल्यामुळे पुष्कळजण त्याहून कमी घालतात.

क्रँकच्या ऑइल सीलकडे दुर्लक्ष करणे सर्वांत महागात पडते. सील कडक झाले की तिथून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन सिलिंडरला घासतो. जाम झालेले इंजिन जोर लावून फिरवू नये. प्लगच्या भोकातून ऑइल सोडून काही दिवस वाट पाहिली, तर बहुतेक वेळा ते मोकळे होते. मॅग्नेशियमच्या केसिंगलाही जपावे लागते, कारण ओल लागली की त्यावर पांढरी भुकटी धरते आणि थोडा जास्त पिळा दिला की स्क्रूचे आटे निघून येतात.

सुट्या भागांची टंचाई कंपन्यांच्या इतिहासातून आली आहे. मॅककुलकचा अमेरिकेतला कारखाना १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेला, तर डोलमार १९९१ मध्ये मकिता कंपनीकडे गेली. त्यामुळे एक यंत्र चालते करण्यासाठी त्याच मॉडेलची दोन-तीन निकामी यंत्रे घेऊन ठेवण्याची रीत पडली. जुन्या दुकानांच्या फळीवर राहिलेला, कधीच न उघडलेला गॅस्केटचा संच मिळाला तर तो सोन्याच्या मोलाचा ठरतो.

रंगाबाबत संग्राहकांत मतभेद आहेत. काहीजण यंत्र कारखान्यातून निघाल्यासारखे रंगवतात आणि स्टिकरही नवे छापून लावतात. दुसऱ्यांना मूळ रंग, मुठीजवळची झीज आणि पूर्वीच्या मालकाने कोरलेली अक्षरे जपणे महत्त्वाचे वाटते. दुसरी बाजू जास्त पटण्यासारखी आहे. रंग पुन्हा कधीही देता येतो, पण जंगलात वर्षानुवर्षे राबल्याची खूण एकदा खरवडून काढली की ती परत येत नाही. आतले सगळे मात्र नीट चालते असावे, आणि अशी यंत्रे प्रदर्शनांत लाकूड कापण्यासाठी वर्षातून एकदोनदा तरी सुरू करावीत. त्यांना ना ब्रेक असतो, ना हाताच्या बचावाची पट्टी, म्हणून कानांवर आवाजरोधक, तोंडावर जाळी आणि पायांत साखळी अडवणारी विजार घातल्याशिवाय त्यांना हात लावू नये.