बेलहाज विरुद्ध स्ट्रॉ

परदेशात झालेल्या अपहरणाला व छळाला आपल्याच सरकारातील मंत्र्याने आणि अधिकाऱ्याने हातभार लावला, या आरोपावरून ब्रिटिश न्यायालयांत २०१८ पर्यंत चाललेला दिवाणी दावा. वादी होते लिबियाचा हुकूमशहा मुअम्मर गद्दाफी याचे विरोधक अब्देल हकीम बेलहाज आणि त्यांच्या मोरोक्कन पत्नी फातिमा बुदशार. प्रतिवादींत माजी परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ, एमआय-६ या हेरसंस्थेचे माजी अधिकारी सर मार्क अ‍ॅलन आणि ब्रिटनची सरकारी खाती होती.

मार्च २००४ मध्ये हे दांपत्य क्वालालंपूरहून बँकॉकमार्गे लंडनला निघाले होते. बँकॉकच्या विमानतळावर त्यांना उतरवून अमेरिकी हेरांच्या हवाली करण्यात आले आणि तेथून त्रिपोलीला नेण्यात आले. बुदशार तेव्हा गरोदर होत्या. स्ट्रेचरवर चिकटपट्ट्यांनी नखशिखांत जखडून आपल्याला नेले, एका डोळ्यावरची पट्टी तो उघडाच राहील अशी बसली होती आणि सतरा तासांच्या त्या प्रवासात तो मिटताही आला नाही, असे त्यांनी पुढे सांगितले. बाळंतपणाच्या जेमतेम तीन आठवडे आधी त्यांची सुटका झाली. बेलहाज मात्र २०१० पर्यंत तुरुंगात राहिले. त्यांना फाशीची शिक्षाही सुनावली गेली होती. या सगळ्या प्रकरणात हेरगिरी, तेल, मुत्सद्देगिरी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ज्या बाईचा कशाशीच संबंध नव्हता तिला कोणत्या कारणाने बांधून नेले, या प्रश्नाला सरकारी बाजूकडे कधीच उत्तर नव्हते.

हे अपहरण झाले त्याच महिन्यात, २५ मार्च २००४ रोजी, ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर त्रिपोलीजवळच्या तंबूत गद्दाफीला भेटले. कैद्यांच्या अशा हस्तांतरणांत ब्रिटनचा हात असल्याचे आरोप स्ट्रॉ यांनी डिसेंबर २००५ मध्ये संसदीय समितीपुढे साफ फेटाळले.

कागद बोलले ते २०११ मध्ये. गद्दाफीची राजवट कोसळल्यावर लिबियाचे माजी हेरप्रमुख मूसा कूसा यांच्या कार्यालयात ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेला काही पत्रे सापडली. त्यांत १८ मार्च २००४ चे, अ‍ॅलन यांच्या नावाचे पत्र होते. बेलहाज सुखरूप पोहोचल्याबद्दल त्यात कूसांचे अभिनंदन केले होते, माहिती ब्रिटनने पुरवल्याचे नमूद होते आणि दोन जिवंत माणसांच्या त्या प्रवासाला ‘हवाई माल’ म्हटले होते.

दाव्याला सरकारने उत्तर दिले ते घटनांविषयी नव्हे, न्यायालयाच्या अधिकाराविषयी. ब्रिटिश अधिकाऱ्यांचा दोष ठरवायचा तर मलेशिया, थायलंड, अमेरिका, लिबिया यांच्या वर्तनाचाही निवाडा करावा लागेल आणि परक्या राज्याच्या कृत्यांवर न्यायालय बसत नाही, असा ‘राज्यकृत्या’चा तो युक्तिवाद होता. ‘राज्यकृत्य’ या ढालीचे दुसरे रूप, म्हणजे सरकारचे स्वतःचे राज्यकृत्य, मराठी इतिहासालाही ठाऊक आहे. तंजावरचे राजे शिवाजी १८५५ मध्ये वारल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने राज्याबरोबर त्यांची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. त्यांच्या राणी कामाक्षीबाईंनी त्याविरुद्ध मद्रासला दावा जिंकला, पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ही जप्ती राज्यकृत्य आहे, न्यायालयाला तिथे अधिकार नाही, असे म्हणून तो निकाल फिरवला.

बेलहाज यांच्या दाव्यातही उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सरकारचे म्हणणे मानले. अपील न्यायालयाने पुढच्याच वर्षी ते नाकारले. १७ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने दावा चालवण्यास वाट मोकळी केली: छळ आणि बेकायदा कैद यांसारख्या आरोपांना राज्यकृत्याच्या तत्त्वाआड दडवता येणार नाही. निकालाचे महत्त्व इथे आहे. आरोप खरे की खोटे हे न्यायालयाने ठरवले नाही, पण ते तपासलेच जाणार नाहीत ही सोय काढून घेतली.

इतरत्र हे घडले नाही. चिलीचे सेनापती रेने श्नायडर यांची १९७० मध्ये अपहरणाच्या प्रयत्नात हत्या झाली. त्यांच्या कुटुंबाने हेन्री किसिंजर यांच्यावर अमेरिकेत लावलेला दावा, हा प्रश्न राजकीय आहे, एवढ्यावरच २००५ मध्ये अपिलात फेटाळला गेला. कॅनडाचे नागरिक माहेर अरार यांना २००२ मध्ये न्यूयॉर्कला अडवून सिरियाच्या तुरुंगात धाडण्यात आले. कॅनडाने २००७ मध्ये माफी मागून १ कोटी ५ लाख कॅनडियन डॉलर दिले. अमेरिकी न्यायालयांनी मात्र त्यांचा दावा ऐकून घेतला नाही.

ब्रिटनमध्ये फौजदारी मार्ग २०१६ मध्येच बंद झाला. संशयित अधिकारी बेलहाज दांपत्याच्या अपहरणाच्या कामी संबंधितांच्या संपर्कात होता, हे मान्य करूनही सरकारी अभियोग खात्याने पुरावा अपुरा असल्याचे सांगून आरोप ठेवले नाहीत. उरला दिवाणी दावा. बेलहाज यांनी २०१३ मध्येच सरकार, स्ट्रॉ आणि अ‍ॅलन यांच्याकडून प्रत्येकी एक पौंड असे तीन पौंड आणि माफी, एवढ्यावर तडजोडीची तयारी दाखवली होती. सरकारने त्याला होकार न देता आणखी पाच वर्षे वकिलांवर खर्च केली. हा हट्ट अक्षम्य होता.

१० मे २०१८ रोजी अ‍ॅटर्नी जनरल जेरेमी राइट यांनी पंतप्रधान थेरेसा मे यांची माफी संसदेत वाचून दाखवली. बुदशार आपल्या मुलासह प्रेक्षक सज्जात बसल्या होत्या. त्यांना ५ लाख पौंड मिळाले; बेलहाज यांनी पैसे मागितलेच नव्हते. कायदेशीर दायित्व कोणीही कबूल केले नाही आणि स्ट्रॉ व अ‍ॅलन यांच्यावरचे दावे त्याच तडजोडीत मागे घेण्यात आले.