मृगया आणि मानवी देहगंध : उल्हास खोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे आज मुंबईच्या उपनगरीय लोहमार्गावरील दाट वस्तीची केंद्रे आहेत. तथापि एका बाजूस मलंगगड-माथेरानची डोंगररांग व दुसऱ्या बाजूस बारवी नदीचे वनक्षेत्र यांमधील हा प्रदेश दीर्घकाळ कातकरी, ठाकूर आदी आदिवासी समाजांच्या वावराचा होता. सांबर, रानडुक्कर यांसारख्या प्राण्यांचे घ्राणेंद्रिय अतिशय तीक्ष्ण असते. त्यामुळे स्वतःचा देहगंध सावजापर्यंत पोहोचू न देणे हा शिकारीतील मूलभूत प्रश्न होता. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे ऐतिहासिक अंगाने विवेचन केले आहे.

ग्रंथपरंपरेतील मृगया

कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात राजाच्या व्यसनांची चर्चा आहे. तेथे मृगयेचे गुण सांगताना व्यायाम, कफ-पित्त-मेद व घाम यांचा नाश, नेमबाजीचा सराव आणि प्राण्यांच्या मनोवृत्तीचे ज्ञान यांचा उल्लेख येतो. येथे घामाचा विचार शिकाऱ्याच्या आरोग्यापुरता आहे, सावजाच्या नाकाचा नाही.

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मध्ये शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळात उभे राहिले. त्यानंतर बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला. या ग्रंथात स्नान व विलेपन यांचा समावेश उपभोगांत, तर मृगयेचा समावेश विनोदांत होतो. सुगंध हे दरबारी वैभवाचे लक्षण होते. रानात मात्र हाच सुगंध शिकाऱ्याचा शत्रू ठरतो.

देहगंधाचे नैसर्गिक नियंत्रण

ताज्या घामास स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरील जीवाणू घामातील घटकांचे विघटन करतात व त्यातून दुर्गंधी निर्माण होते. रिठा, शिकेकाई व राख ही ग्रामीण भागातील परिचित साधने मळ व तेलकटपणा काढून हा गंध कमी करतात. कारवीच्या कुडाच्या घरातील चुलीचा धूर अंगावरील कपड्यांत मुरतो. त्याने देहगंध काहीसा झाकला जातो, पण नाहीसा होत नाही. धुतलेल्या शरीरावरही काही वेळातच घाम येतो, विशेषतः कोकणच्या दमट हवेत. म्हणून स्नानापेक्षा वाऱ्याचे भान अधिक निर्णायक ठरते.

डोंगराळ प्रदेशात हे भान स्थल-कालसापेक्ष असते. दिवसा उन्हाने तापलेल्या उतारावरील हवा वर चढते. रात्री थंड हवा दरीकडे उतरते. त्यामुळे दिवसा सावजाच्या वरच्या अंगाने व रात्री खालच्या अंगाने जाणारा शिकारी वाऱ्याच्या आडोशास राहतो. हाक्याच्या शिकारीत तर मानवी गंध लपविला जात नाही, वापरला जातो. हाकारे आवाजाने व वासाने जनावर पुढे ढकलतात, तर नेमबाज वारा आपल्याकडे येईल अशा जागी दबा धरतो. भातकापणीनंतर बिळात धूर सोडून उंदीर पकडण्याच्या कातकरी पद्धतीत मात्र देहगंधाचा प्रश्नच उरत नाही.

परंपरेचा ऱ्हास

१८७८ च्या भारतीय वन कायद्यानंतर राखीव वनांतील आदिवासींचे व्यवहार नियंत्रित झाले. खैरापासून कात काढणे हा ज्या कातकऱ्यांच्या नावाशी जोडलेला व्यवसाय, तोही आक्रसला. दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे पुनर्वसन झाले व ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे औद्योगिकीकरण वाढले आणि अंबरनाथच्या मंदिराजवळून वाहणारी वालधुनी नदी सांडपाण्याने प्रदूषित झाली. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा आणि त्यानंतरचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यांमुळे शिकारीवर कठोर निर्बंध आले. वन्यजीवांच्या रक्षणासाठी ते आवश्यकच होते. परंतु शिकारीबरोबर तिच्यातील निसर्गज्ञानही अव्यक्त राहिले. कारण जे गुन्हा ठरले, ते उघडपणे सांगणे कठीण झाले.

निष्कर्ष

देहगंधाचे नियंत्रण हे मुख्यतः द्रव्यांचे नव्हे, तर वारा, उतार व वेळ यांच्या आकलनाचे शास्त्र होते, असे वरील विवेचनावरून म्हणता येईल. राजदरबारी ग्रंथांनी मृगयेचे वैभव नोंदविले. ज्यांच्या पोटाचा प्रश्न शिकारीशी निगडित होता, त्यांचे ज्ञान मौखिकच राहिले. वन्यप्राणी गणना, निरीक्षण व छायाचित्रण यांत प्राण्यास न बिचकवता जवळ जाण्यासाठी हेच ज्ञान आजही उपयुक्त आहे. कातकरी हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक असल्याने ज्येष्ठांकडील ही माहिती, त्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का न मारता, वेळीच नोंदविली जाणे अगत्याचे आहे.