तुकडी आणि टोळके : शाळेच्या पडद्यावरचे काळे हसू

शाळेतील गटबाजीवरचा काळा विनोद म्हटले की अभ्यासकाला 'हेदर्स' (१९८९) आठवतो. मायकेल लेमन दिग्दर्शित, डॅनियल वॉटर्सलिखित या अमेरिकन चित्रपटात हेदर नावाच्या तीन मुली शाळेवर राज्य करतात. त्यांच्याच टोळक्यातली व्हेरोनिका आणि तिचा मित्र यांच्या हातून खून होतात. ते आत्महत्या म्हणून खपवले जातात. बनावट चिठ्ठी वाचून मोठी माणसे गहिवरतात. जिवंतपणी जिची दहशत होती, ती मेल्यावर संवेदनशील ठरते. विनोदाचा खरा रोख या गहिवरावर आहे.

मराठीत याचे थेट भावंड सापडत नाही. कारण आपल्या शाळेच्या रचनेत असावे. हेदर मुली आपले टोळके स्वतः जमवतात. आपल्याकडे गट शाळाच पाडते आणि त्याला 'तुकडी' म्हणते. कोयनानगरच्या परिसरात हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. 'प्रकल्पग्रस्त' ही ओळख तिथे कुणी निवडलेली नाही. धरण आले आणि ती नावापुढे लागली.

सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा 'दहावी फ' (२००२) नेमका या तुकडीचा चित्रपट आहे. कमी गुणांची म्हणून 'फ'मध्ये टाकलेली मुले बहुतांशी गरीब घरांतली असतात, हा योगायोग नव्हे. हुशार तुकडीशी संघर्ष, अपमान आणि मग शाळेची मोडतोड, असा क्रम आहे. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेले देशमुख सर मुलांना ते नुकसान स्वकष्टाने भरून काढण्याच्या वाटेवर नेतात. चित्रपट प्रामाणिक आहे; पण त्याची श्रद्धा शिक्षकावर आहे. गुरुजी तारतील असा भरवसा जिथे शिल्लक असतो, तिथे हसू काळे होत नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) हा भरवसा निसटतो. शीर्षकाचा शब्द कैकाडी बोलीतला, अर्थ डुक्कर. वर्गात चोखोबांचा अभंग शिकवला जातो, आणि शाळेलगत जब्याचे कुटुंब डुकरामागे धावत असते. डुक्कर हाती येणार तोच राष्ट्रगीत सुरू होते. कुटुंब स्तब्ध उभे राहते, डुक्कर निघून जाते. आपण हसतो. पुढच्याच क्षणांत वर्गातली मुले हसताना दिसतात, आणि आपले हसू त्यांच्या हसण्यात मिसळलेले आहे हे ध्यानात येते. इथले टोळके तीन मुलींचे नाही. ते अख्ख्या गावाचे आहे, आणि त्याचे सभासदत्व जन्माने मिळते.

'हेदर्स' पाहताना प्रेक्षक टोळक्याबाहेर सुरक्षित बसून हसू शकतो. जब्याचा अखेरचा दगड मात्र कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. शाळेवरचा मराठी काळा विनोद 'गट कोणता?' असे विचारत नाही. हसले कोण, एवढेच तो विचारतो. वर्गात हे चित्रपट दाखवताना चर्चा याच प्रश्नापासून सुरू व्हावी.