‘अपुऱ्या दिवसांचे’ आणि ‘अपुऱ्या वाढीचे’ : एका संज्ञाभेदाचा इतिहास

गर्भारपणाविषयीचे मराठी वाक्प्रचार पाहू लागल्यास एक गोष्ट चटकन ध्यानात येते. स्त्रीला ‘दिवस जातात’, पुढे ‘महिने भरत येतात’, अखेर ‘दिवस भरतात’. आणि मूल लवकर जन्मले तर त्यास आपण ‘अपुऱ्या दिवसांचे’ म्हणतो. ही सारी भाषा कालगणनेची आहे. परंतु दिवस पुरे भरूनही ज्याची वाढ उदरातच खुंटली, अशा अर्भकासाठी रूढ बोलीत असा नेमका शब्द नाही. ते ‘किडकिडीत’ किंवा ‘बारीक अंगाचे’ ठरते. म्हणजे रूपाचे वर्णन होते, कारणाचा शोध होत नाही. या उणिवेचा इतिहास काय आणि तिचा भार कोणावर पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्राचीन वैद्यकात ही उणीव नव्हती. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात ‘नागोदर’ नावाची अवस्था वर्णिली आहे. उपवास व व्रते यांत मग्न असलेल्या, निकृष्ट आहार घेणाऱ्या व स्निग्ध पदार्थ टाळणाऱ्या स्त्रीचा गर्भ शुष्क होऊन वाढत नाही आणि दीर्घकाळ उदरात राहतो, असे तेथे म्हटले आहे. ही आधुनिक मीमांसा नव्हे. तथापि काळ व वाढ या दोन गोष्टी येथे स्पष्टपणे वेगळ्या केल्या आहेत. सुश्रुताने गर्भिणीस ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले, आणि तिच्या इच्छा अव्हेरल्यास मूल कुबडे वा खुजे निपजते असे सांगितले. ‘दोहद’ शब्द प्राकृतातून येऊन मराठीत ‘डोहाळे’ झाला व घरोघर राहिला. ‘नागोदर’ मात्र ग्रंथातच उरला. जो शब्द टिकला, तोही पुढे गर्भाच्या गरजेपेक्षा गर्भिणीच्या लहरीचाच वाचक बनला.

विसाव्या शतकातील वैद्यकाने वजनाचा काटा हाती घेतला. पण त्याच्याही हातून उलट्या दिशेने हाच घोटाळा झाला. फिनलंडचे बालवैद्य आर्वो इल्प्यो यांनी १९१९ च्या सुमारास २५०० ग्रॅम ही मर्यादा पुढे आणली, आणि १९४८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने तीच मर्यादा अकालजन्माची खूण म्हणून स्वीकारली. आपण दिवस मोजून वाढ विसरलो; त्यांनी वजन मोजून तेच दिवस समजले. १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ही चूक दुरुस्त केली व अशा मुलांस ‘कमी जन्मवजनाची’ म्हणावे असे ठरविले. १९६३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे लूला लुब्चेन्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवड्यागणिक अपेक्षित वजनाचे आलेख प्रसिद्ध केले. तेव्हापासून प्रत्येक अर्भकाची वाढ त्याच्या दिवसांशी ताडून पाहता येऊ लागली.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. अकाली जन्मलेल्या मुलाची फुप्फुसे अपक्व असतात. पूर्ण दिवसांच्या पण खुंटलेल्या मुलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो व त्वचेखाली चरबी कमी असते. त्याचे रक्त जाड होण्याचा, रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा व अंग गार पडण्याचा धोका अधिक. प्रत्येक लहान मूल रोगी असते असेही नाही. काही मुले जात्याच लहान चणीची असतात. दोहोंतील फरक ओळखावयाचा तर गर्भिणीच्या पोटाची व वजनाची नोंद आरंभापासून ठेवावी लागते.

आता श्रमाचा प्रश्न. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले प्रसूतिसाहाय्याचे विधेयक संमत झाले नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात अशाच विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीच्या आधीची व नंतरची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब असल्याचे प्रतिपादिले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने, स्त्रीने विनंती केल्यास, गर्भाच्या स्वाभाविक वाढीस बाधक असे कष्टाचे काम ठराविक काळात तिला देऊ नये असा निर्बंध घातला. तज्ज्ञ समितीने संज्ञा सुधारली त्याच वर्षी गर्भाची ‘वाढ’ आपल्या केंद्रीय कायद्याच्या शब्दांत आली, हा योगायोग लक्षणीय आहे.

त्या निर्बंधाचा अर्थ पुण्याजवळील सहा खेड्यांत उलगडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तेथील स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो भरले. पुण्याकडील मुले सर्वच मापांत लहान होती. पण त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. पुढील आयुष्यातील मधुमेहाशी या ठेवणीचा संबंध जोडला जातो. दूध, पालेभाज्या व फळे अधिक खाणाऱ्या मातांची मुले मोठी होती. शेतीचे व घरचे कष्ट अधिक करणाऱ्या मातांची लहान. म्हणजे ‘अंगकाठीच बारीक’ या शब्दांमागे पुष्कळदा भाजीवाचूनचे ताट आणि डोक्यावरचा हंडा उभा असतो.

सोलापुरास हा विषय परका नाही. १८७७ च्या गिरणीपासून येथील स्त्रिया मजुरी करीत आल्या, आणि विडी वळण्याचे काम तर मुख्यत्वे त्यांच्याच हातचे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून काम करणाऱ्या स्त्रीलाही प्रसूतिसाहाय्य लागू केले. परंतु गर्भारपणातील आजाराच्या रजेचे कलम तिच्यापुरते वगळले. त्यातच मिश्रीची सवय. मुंबईतील १२१७ गर्भवतींच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची मुले सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आढळली, व दिवसही सुमारे सहाने कमी भरले.

तेव्हा ‘अपुऱ्या वाढीचे मूल’ ही संज्ञा आपल्या रुग्णपत्रिकांत व पाठ्यपुस्तकांत ‘अपुऱ्या दिवसांचे’ हिच्या शेजारी रूढ करावी, असे सुचवावेसे वाटते. ती रूढ झाल्याने कोणाचे वजन वाढणार नाही, हे उघड आहे. परंतु बाळंतिणीस ‘दिवस भरले होते ना?’ एवढेच न विचारता, त्या दिवसांत तिने काय खाल्ले, किती ओझे वाहिले आणि कोणी तिला बसू दिले, हेही विचारणे मग भाग पडेल.